एका कमेंटवरून घातलेली मागणी

माझा दादा भांडखोर नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो भांडतानाच दिसेल. गावात त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. शेजाऱ्याने वखर हाकता हाकता धुरा, म्हणजे बांध, थोडा आमच्याकडे सरकवला, तरी हा "जाऊ दे, जमीन काय उचलून नेते तो" म्हणायचा. मग मोबाईलवरचं नेट स्वस्त झालं आणि ज्यांचं तोंड आयुष्यात पाहिलं नव्हतं अशा लोकांशी तो हिरिरीने भांडायला लागला.

आमचं गाव अकोल्याच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही, आणि पिकाला दिलं तर वावर पांढरं पडतं. त्यामुळे सगळी शेती आभाळाच्या भरवशावर. मोबाईलची रेंजही तशीच, कधी यायची, कधी नाही. गावात ती धड मिळायची एकाच जागी, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. दुपारी जेवण झालं की दादा तिथे जाऊन बसायचा आणि अंगठ्याने टाइप करायचा. माय म्हणायची, "पोरगं टाकीवर गेलं." लग्न झालेल्या पोरांच्या आया "पोरगं सासरवाडीला गेलं" म्हणतात तसं ती ते म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे.

मी तेव्हा लग्न होऊन अमरावतीत होते. यांची पाटबंधारे खात्यात बाबूची नोकरी, नळाचं पाणी, एक मुलगी, गॅलरीत तुळस. दादा ज्या ग्रुपवर भांडायचा त्यात मीही शिरले होते. फोटोच्या जागी जास्वंद लावलं होतं आणि तिथे मी एक अक्षर लिहीत नसे. भाजी निवडता निवडता दादाचं भांडण वाचणं हा माझा उद्योग होता. टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा ते बरं होतं.

तो वऱ्हाडीतच लिहायचा. कुणीतरी त्याला सुनावलं, आधी शुद्ध लिहायला शिका. त्यावर याचं उत्तर, "तुमाले समजलं न? मंग शुद्धच हाये." पुण्याचे एक सद्गृहस्थ होते, त्यांच्या फोटोत मागे बर्फाचे डोंगर. त्यांचा आणि दादाचा छत्तीसचा आकडा. सद्गृहस्थ म्हणायचे, शेतकऱ्याला आयकर नाही, वीज फुकट, वर सरकारची मदत, आणखी काय पाहिजे? दादा म्हणायचा, "या मंग, माह्या जागेवर या. मी तुमच्या हापिसात बसतो. पंख्याखाली." सद्गृहस्थ लिहायचे की शेतकऱ्यांची मुलं शिकत नाहीत, हेच मूळ दुखणं आहे. दादा एम.ए. होता, इतिहासात. बाबांची छाती दुखायला लागली आणि त्याचं बी.एड. राहून गेलं, पण एम.ए. झालेला माणूस कपाशीत डवरा हाकतो यावर त्या सद्गृहस्थांचा काही केल्या विश्वास बसेना. दादाने मार्कशीटचा फोटो टाकला. ते म्हणाले, कुणाचाही असेल.

दादा नेहमी बरोबरच असायचा असं नाही. एका विनोदी सिनेमात वऱ्हाडी बोलणारा गडी होता, पडायचा, धडपडायचा, मालकाचा चहा सांडायचा. दादा त्यावर आठवडाभर भांडला. वऱ्हाडी बोलणारा माणूस तुम्हाला नेहमी गडीच का लागतो, डॉक्टर का नाही? आता तो सिनेमा मी अमरावतीत थिएटरात पाहिला होता आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. हे मी त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तू हास. तुले आता हासाले परवानगी हाये, तू अमरावतीवाली झाली." मी चिडून फोन ठेवला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मग त्यानेच तुरीची डाळ पाठवली.

त्याच्या लग्नाचं जमत नव्हतं. मुद्दा तोच होता आणि घरातले आम्ही सगळे त्याभोवतीच घुटमळत होतो. तिशी केव्हाच उलटली होती. बरोबरचे जे पोलिसात लागले, शिक्षक झाले, अगदी नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात कामाला गेले, त्यांची मुलं शाळेत जायला लागली होती. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या बातम्या अशा यायच्या की सकाळी पेपर उघडायला नको वाटायचं. मुलींचे बापही तोच पेपर वाचत. आमच्यावर कर्ज नव्हतं, भांडणतंटा नव्हता, दादाला सुपारीचंही व्यसन नव्हतं. त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. शेती म्हटलं की पुढच्या माणसाचा चेहरा मिटायचा.

दर्यापूरकडचं एक स्थळ मला विसरता येत नाही. मी मुद्दाम अमरावतीहून गेले होते. मुलीच्या बापाने सगळं नीट विचारलं. वावर किती, माणसं किती, प्यायचं पाणी कुठून आणता. दादा सरळ सांगत गेला. शेवटी ते म्हणाले, "पोरगा मले पसंत हाये. पन नोकरी असती तं आजच साक्षगंध करून टाकलं असतं." तो माणूस स्वतः शेतकरी होता. त्याची कपाशी आमच्यापेक्षा बरी उभी होती, येताना मी बसमधून पाहिली होती. माझ्या तोंडावर आलं होतं की काका, तुमच्या बायकोच्या बापाने असं म्हटलं असतं तर? दादाने माझ्या हाताला हळूच स्पर्श केला आणि उठला. परत येताना तो मला म्हणाला, "चूक नाही त्याहीची." मला त्याचाच राग आला. स्वतःच्या पायावर असा धोंडा मारून घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

त्या सुमारास ग्रुपवर ती आली. परतवाड्याची शिक्षिका होती, तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतले तेवढाच पगार आणि सुट्टीत काही नाही. तोंडाची फटकळ. डी.एड. कॉलेजांनी गावोगावच्या पोरांना कसं फसवलं यावर तिने एकदा लिहिलं आणि दादाने तिच्याशी भांडण काढलं, की फसवलं कुणी नाही, आपणच रांगा लावल्या. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. सिनेमातल्या गड्यावरून मात्र ती त्याच्या बाजूने उभी राहिली आणि पुण्याच्या सद्गृहस्थांना तिने असं झोडपलं की मी भाजी बाजूला ठेवून वाचत बसले. दादा प्रत्येकाला विचारतो तसं त्याने तिलाही विचारलं होतं, "गाव कोनतं?" तिने सांगितलं. चिखलदऱ्याच्या जीपा जिथून भरतात तिथून घर जवळ आहे, सकाळी जीपवाल्यांच्या ओरडण्यानेच जाग येते, असंही लिहिलं.

मला त्या दोघांच्या भांडणाचा सूर कळत होता. बाईला असले सूर कळतात. एखाद दिवस ती आली नाही तर दादा लिहायचा, "आज मॅडम गैरहजर." ती लिहायची, "पेपर तपासत होते, तुम्ही नापास आहात."

मग एक दिवस शेतकऱ्यांच्या मुलांना मुली मिळत नाहीत हा विषय निघाला. झुंबड उडाली. मुली लोभी झाल्या, त्यांना पुणे पाहिजे, फ्लॅट पाहिजे, असं पुरुष लिहीत होते. त्यात ती म्हणाली की सगळ्यांना एका मापात मोजू नका. "मी शेतकऱ्याशी आनंदाने लग्न करीन. कष्टाची भाकर खाण्यात कमीपणा कसला?" शेकडो लोकांनी अंगठे दिले. खाली दादाची एकच ओळ होती. "करू नका मॅडम. पस्तावा होईन."

मी तेव्हा माहेरी होते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मायला वाचता येत नाही, म्हणून दादाची भांडणं मी तिला वाचून दाखवायची. ती हसायची, मधेच "आसंच पाह्यजे" म्हणायची. त्या दिवशी बाईची ओळ वाचली तशी ती हसली नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"कोनाची पोरगी होय थे?"

"अवो माय, तसं नसते ते. लोक लिहितात."

"चारचौघांत बोलली न?"

"चारचौघांत नाही, हजार लोकांत."

"मंग तं सबदच झाला," माय म्हणाली.

आमच्याकडे हे असं आहे. मायच्या जगात माणूस चारचौघांत जे बोलतो त्यावर लग्नं ठरतात, बैलांचे सौदे होतात, वाटण्या होतात. कागद नंतर, झाला तर. हजार लोकांसमोर बोललेली गोष्ट नुसतीच बोललेली असू शकते, हे तिला समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला समजावायचंही नव्हतं. माझ्याही मनात कुठेतरी साखरपाणी सुरू झालं होतं.

मामा परतवाड्याचा, संत्र्याच्या व्यापारातला. वऱ्हाडात माणूस शोधायला फार कष्ट पडत नाहीत. मामाने इकडे तिकडे फोन फिरवले आणि संध्याकाळच्या आत कळवलं की मुलगी अमक्याची, बाप रिटायर कंडक्टर, आई नाही, माणसं चांगली आणि आपल्यातलीच. आपल्यातलीच हे ऐकलं तेव्हा आडवी झालेली माय उठून बसली. दादाला सांगायचं नाही असं तिनेच ठरवलं. तो नाही म्हणेल, हे तिला माहीत होतं. बाबांना छातीमुळे प्रवास झेपत नव्हता. मला अमरावतीला सोडायला जाते असं सांगून ती माझ्याबरोबर निघाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परतवाड्याच्या गाडीत बसलो. माय ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. पिशवीत नारळ आणि खण होता. "आजच कायले वो?" मी म्हटलं, तर म्हणाली, "असू दे. पाह्यजे झाला तं कुठी धावाचं?"

घर छोटं, नीटनेटकं. तिचे वडील उंच, खाली वाकून बोलणारे. मामाने ओळख करून दिली, पाऊसपाण्याचं झालं, संत्र्याचं झालं. चहा घेऊन ती स्वतःच आली. सावळी, चष्मा, बोटांना लाल शाई. मला ती इतकी ओळखीची वाटली की मी जवळजवळ हसलेच. तिला बिचारीला मी कोण, काही माहीत नव्हतं.

माय वाट पाहणारी बाई नव्हे. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, तू म्हन्ली होती न, शेतकऱ्याशी लग्न करीन म्हनून?"

मुलीला आधी काहीच कळलं नाही. मग मामाने दादाचं नाव घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. राग नव्हता तो. रस्त्यावरून जाताना पोर आपल्या गाडीखाली येता येता वाचावं तसा तिचा चेहरा झाला होता.

"काकू, मी खोटं नव्हती बोलली," ती म्हणाली. "लिहिलं तेव्हा खरंच तसं वाटत होतं."

"मंग?"

ती वडिलांकडे बघायला लागली. त्या माणसाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, रागावू नका," ते मायला म्हणाले. "हिची माय माहेरापासून कापूस येचत आली. कंडक्टरची बायको झाली तरी सुटला नाही, घरचं वावर होतं. तिच्या बोटाच्या भेगा मेल्यावरही गेल्या नव्हत्या. मी तिले वचन देल्लं हाये. तुमचा पोरगा सोन्यासारखा असन. पन मी हे करनार नाही."

मायला भांडता आलं असतं. ती भांडली नाही. तिने आपले हात पदराखाली घेतले, कारण तिच्याही बोटांना त्याच भेगा होत्या. ते मी पाहिलं आणि माझं रक्त उसळलं. कुणावर ओरडावं ते मात्र कळेना. म्हातारा खरं बोलत होता. मुलगीही खरं बोलत होती.

आम्हाला पोचवायला ती दारापर्यंत आली. मला हळूच विचारलं, "त्यांना माहीत आहे, तुम्ही आल्या ते?"

"नाही."

"मग सांगू नका ना," ती म्हणाली. "त्यांच्याशी भांडायला मला फार आवडतं."

मी मान हलवली. मामाच्या घरी जेवण तयार होतं. मायने दोन घास खाल्ले आणि आचवायला उठली. गाडीत ती खिडकीशी बसली होती. पिशवी मांडीवर. अचलपूर मागे पडल्यावर म्हणाली, "पोरगी चांगली होती."

गोष्ट लपली नाही. मामाच्या पोटात काही राहत नाही, त्याने दुसऱ्याच दिवशी दादाला फोन करून हळहळ व्यक्त केली. दादा मायला काहीही बोलला नाही, हे मला तिनेच सांगितलं. वखर घेऊन वावरात गेला आणि दिवस बुडाल्यावर आला. टाकीवर जाणं त्याने सोडलं. ग्रुपवर तीही दिसेना. आमच्या त्या भेटीने दोघांचं बोलणंच बंद पाडलं होतं. आधी नुसतं लग्न नव्हतं. आता भांडायलाही कुणी उरलं नाही.

पण लोक विसरत नाहीत. पुण्याच्या सद्गृहस्थांनी तिची ती जुनी ओळ वर काढली आणि खाली लिहिलं की बाईंना शेतकरी मिळालेला दिसतो, म्हणून गायब. हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. मग दुसरा म्हणाला, बोलायला काय जातं, या मुली अशाच. तिसऱ्याने तर जे लिहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. त्यांना परतवाड्याच्या भेटीतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एक बाई सापडली होती. माझी बोटं शिवशिवत होती. त्या जास्वंदाआडून पहिल्यांदाच काहीतरी खरमरीत लिहावं म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात दादाची कमेंट आली. म्हणजे तो टाकीवर गेला होता.

त्याने लिहिलं होतं:

"त्या बाईले कोनी काही बोलू नका. कोन्याच पोरीले बोलू नका. माह्या बहिनीसाठी शेतकऱ्याचं स्थळ आलं होतं. पोरगा माह्याच वर्गातला, निर्व्यसनी, माह्यापेक्षा हुशार. बाबा तयार होते. मीच आडवा झालो. मी सोता शेतकरी असून त्याले तोंडावर सांगतलं, का बहीन देत नाही, नोकरीवाला पाहून राह्यलो. तो तवापासून माह्याशी बोलत नाही. आता मले कोनी पोरगी देत नाही, तं मी कोन्या तोंडानं नाराज होऊ?"

मी ते वाचलं आणि आधी संतापले. सरळ सांगते. माझं स्थळ, माझ्या घरातली गोष्ट, याने चव्हाट्यावर मांडली. जे मला कधी सांगितलं नाही ते या माणसाने बर्फाच्या डोंगराचा फोटो लावणाऱ्याला सांगितलं. माझ्या लग्नाच्या वेळी घरात काही कुजबुज झाल्याचं मला आठवत होतं. बाबा दोन दिवस दादाशी बोलत नव्हते, तेही आठवत होतं. पण मला वाटलं होतं बियाण्यावरून असेल. आमच्याकडे रुसवे बियाण्यावरूनच व्हायचे.

मी फोन लावला. त्याने उचलला, मागे टाकीचं पाणी गळत असल्याचा आवाज येत होता.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"सोड न."

"सोड काय? माझं स्थळ होतं ते. मला कुणी विचारलं का?"

"तुले विचारलं असतं तं तू हो म्हन्ली असती," दादा म्हणाला. "तुले तो आवडला असता. म्हनूनच नाही विचारलं."

मी विचारलं, "मग त्याचं झालं का लग्न?"

"कुठी झालं," तो म्हणाला. "माह्यावानीच हाये तो बी. पोळ्याले दिसते. मी इकडून जातो, तो तिकडून जाते."

कुणीतरी टाकीपाशी घागर भरत होतं, भांड्याचा आवाज आला. दादा म्हणाला, "रडू नको. पाह्य, एक गोष्ट सांग मले फक्त. तू सुखात हायेस न?"

मुलगी आतल्या खोलीत पाढे म्हणत होती. यांची ऑफिसातून यायची वेळ झाली होती. खोटं बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी बोलले असते, सांगितलं असतं की नाही रे, काही सुख नाही, तू उगाच केलंस.

"हो," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.